वंशावळीच्या समासात

‘आल्मनाक द गोथा’ या ग्रंथाकडे साहित्य म्हणून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि त्यात वावगे काही नाही. पंचांगाचे किंवा आगगाडीच्या वेळापत्रकाचे रसग्रहण कोण करील? १७६३ साली मध्य जर्मनीतील गोथा या चिमुकल्या राजधानीत हा ग्रंथ प्रथम निघाला, तेव्हा तो खरोखरीचे पंचांगच होता. पुढे त्यात राजघराण्यांच्या याद्या शिरल्या, फुगत गेल्या, आणि १९४४ पर्यंत चाललेल्या या प्रकाशनाला युरोपच्या दरबारांत स्मृतिग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. आपल्याकडे सोयरीक करताना पत्रिका पाहत. तिकडे गोथा पाहत. कोणते घराणे पहिल्या भागात, कोणते दुसऱ्या, कोणते तिसऱ्या, यावर मुलीचे नशीब ठरे.

तरीही प्रस्तुत लेखकाला हा ग्रंथ एक वाङ्मयप्रकार म्हणून तपासण्यासारखा वाटतो. कारण त्याला स्वतःची अशी एक शैली आहे आणि त्या शैलीला एक भूमिका आहे. आपल्या कुलवृत्तांतांची पाने ज्यांनी चाळली असतील, त्यांना ती ओळखीची वाटेल. पुरुषाच्या नावाखाली रेघ पुढे चालते; मुलीच्या नावाशी येऊन थांबते. जन्माची तारीख, लग्नाची तारीख, नवऱ्याचे नाव, संपले. तिचे पुढे काय झाले ते पाहायचे तर दुसऱ्या घराण्याचे पान उघडावे लागते, आणि तिथे ती पत्नी म्हणून एका ओळीत भेटते, पुष्कळदा वेगळ्याच नावाने. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिण्याची आपली चाल या वाचकांना समजावून सांगायला नको. रशियात गेलेल्या जर्मन राजकन्येचे नावच काय, बापाचे नावही बदलत असे. आन्हाल्ट-झेर्ब्स्टच्या क्रिस्तियान आउगुस्टची मुलगी सोफी ही ‘येकातेरिना अलेक्सेयेव्हना’, म्हणजे अलेक्सेयची कन्या, झाली. हा अलेक्सेय कोण, असे विचारण्यात अर्थ नव्हता.

आता, या नोंदींत जर्मन मुलींचीच एवढी दाटी का, हा प्रश्न. उत्तर रुक्ष आहे, पण ते देऊन टाकले पाहिजे. वेस्टफालियाच्या १६४८ च्या तहानंतर जर्मन भूमीवर तीनशेहून अधिक लहानमोठी राज्ये नांदत होती. काहींचा विस्तार आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. पण मान राजघराण्याचा. म्हणजे समान कुळाची अट पुरी होई आणि सासरच्या राजाला व्याह्याच्या फौजेचे भय नसे. प्रॉटेस्टंट हवी तर प्रॉटेस्टंट मुलगी होती, कॅथलिक हवी तर कॅथलिक होती. ऑर्थोडॉक्स हवी असेल तर ल्यूथरपंथी घराणी मुलीचा धर्म बदलून द्यायला फारशी कुरकुर करीत नसत. बर्लिनच्या राजवाड्यातल्या व्हिल्हेल्मिनेचे, म्हणजे फ्रेडरिक द ग्रेटच्या थोरल्या बहिणीचे, इंग्लंडच्या युवराजाशी लग्न व्हावे म्हणून तिच्या आईने वर्षानुवर्षे खटपट केली. ती फसली, आणि १७३१ मध्ये मुलगी बायरॉइटच्या राजपुत्राला दिली गेली. पाच वर्षांनी तो इंग्लंडचा युवराज गोथाच्याच आउगुस्टाला मिळाला. व्हिल्हेल्मिनेने पुढे फ्रेंचमध्ये आठवणी लिहिल्या. त्या चुरचुरीत आहेत, पण त्यांतला कडवटपणा इतका एकसुरी आहे की शंभरेक पानांनंतर वाचकाला त्या दुष्ट बापाचीही कणव येऊ लागते. इतिहासकारांनी तिच्या तपशिलांवर अविश्वास दाखवला तो वेगळाच. या आठवणींपाशी मी फार थांबत नाही.

थांबावे असे लेखन तिघींचे आहे: हॅनोव्हरची सोफी, रशियाची कॅथरीन आणि पॅलेटिनेटची लीझलोटे. या तिघींच्या लेखनाला मी वंशावळीच्या समासातले लेखन म्हणतो. जी जागा छापील नोंदीने कोरी सोडली, तिथे त्यांनी आपल्या हाताने लिहिले.

सोफीपासून आरंभ करणे सोयीचे. १६३० साली हेग येथे परागंदा आईबापांच्या पोटी ती बारावे अपत्य म्हणून जन्मली. बाप राज्य गमावलेला, आई इंग्लंडच्या पहिल्या जेम्सची मुलगी. पन्नाशीला टेकल्यावर, १६८०-८१ च्या हिवाळ्यात, नवरा इटलीला गेलेला आणि सख्खा भाऊ नि बहीण नुकतेच वारलेले असताना, मन रमवण्यासाठी तिने फ्रेंचमध्ये आठवणी लिहिल्या. आपल्या जन्माने आईबापांना फारसा आनंद झाला नसावा, असे ती सहज सांगून टाकते. मान्यवर राजेरजवाडे आधीच्या भावंडांचे धर्मपिते होऊन संपले होते, म्हणून चिठ्ठ्या टाकून तिचे नाव ठरवले गेले! एवढ्या एका प्रसंगात वंशावळीच्या गांभीर्याची जी हवा निघते, ती एखाद्या प्रबंधानेही निघाली नसती.

तिच्या लग्नाची हकीगत तर कोणत्याही नाटककाराला हेवा वाटावा अशी. ती ठरली होती ब्राउनश्वाइग घराण्यातल्या गेओर्ग विल्हेल्मशी. त्याला लग्नाचा कंटाळा आला. त्याने वाग्दत्त वधू धाकट्या भावाला, एर्न्स्ट आउगुस्टला, देऊन टाकली आणि वर, मी कधीच लग्न करणार नाही, म्हणजे राज्य तुझ्याच मुलांना मिळेल, असा लेखी शब्द दिला. हे १६५८ चे. सोफी यावर अश्रू ढाळत नाही. आपल्याला एक चांगले घर हवे होते. ते मिळत असेल तर भाऊ थोरला की धाकटा याची फिकीर नव्हती, असा तिचा अभिप्राय. काही टीकाकारांना हा कोरडेपणा वाटतो. मला यात एका बुद्धिमान स्त्रीने आपल्या अपमानाला घातलेली चौकट दिसते. ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही, तिच्यावर निदान वाक्याचा तरी ताबा असावा, अशी ही शैली आहे.

गेओर्ग विल्हेल्मने शब्द मोडला, हे सांगायला नकोच. एका फ्रेंच सरदारकन्येवर त्याचे मन बसले, १६७६ मध्ये तो तिच्याशी रीतसर विवाहबद्ध झाला, आणि त्यांची मुलगी सोफी डोरोथेया हिचे १६८२ मध्ये सोफीच्याच मुलाशी लग्न लावून दोन्ही राज्ये जोडण्यात आली. हा जोड फार महागात पडला. तरुण सुनेचे क्योनिग्समार्क नावाच्या सरदारावर प्रेम जडले; १६९४ च्या जुलैत एका रात्री तो नाहीसा झाला तो कायमचा; घटस्फोट झाला; आणि सोफी डोरोथेया आल्डनच्या गढीत तीस वर्षांहून अधिक काळ, १७२६ मध्ये मरेपर्यंत, नजरकैदेत राहिली. तिचा मुलगा इंग्लंडचा राजा झाला, तिचा नातू फ्रेडरिक द ग्रेट. दोन सिंहासनांची ही पूर्वजा. पण तिची स्वतःची अशी खूण काय उरली, तर अंशतः आकड्यांच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली प्रेमपत्रे. सोफीच्या आठवणी या सुनेच्या पतनाच्या आधीच संपतात. हे वाचकाचे दुर्दैव म्हणावे की लेखिकेचे सुदैव?

सोफीच्या दरबारातला एक नोकर आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो म्हणजे तत्त्वज्ञ लायब्निझ. १६८५ पासून त्याच्यावर काम सोपवले होते ते मालकाच्या घराण्याचा इतिहास लिहिण्याचे. कलनशास्त्राचा हा जनक इटलीत जाऊन जुनी दप्तरे आणि थडगी तपासत हिंडला, एस्ते घराण्याशी नाते सिद्ध करून आला, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याची लेखणी कशीबशी इ. स. १००५ पर्यंत पोचली होती. पुरुषांच्या रेघा जोडण्यात त्याची तीस वर्षे गेली. आणि एवढे करून, त्या घराण्याला इंग्लंडचे राज्य कोणामुळे मिळाले? सोफीच्या आईमुळे! १७०१ च्या कायद्याने इंग्लंडच्या संसदेने पन्नासांहून अधिक कॅथलिक वारस ओलांडून सोफीला आणि तिच्या प्रॉटेस्टंट वंशजांना वारस ठरवले. १७१४ च्या जूनमध्ये हेरेनहाउझेनच्या बागेत फिरताना ती कोसळली. अ‍ॅन राणी त्यानंतर दोन महिन्यांच्या आत गेली. राणीपदाने तिला एवढ्या थोड्या दिवसांनी चुकवले. इंग्लंडच्या गादीचा हक्क मात्र आजही तिच्यापासून मोजतात.

कॅथरीनचे प्रकरण निराळे. तिच्या आठवणी या तिघींच्या लेखनात सर्वांत रेखीव, आणि म्हणूनच मला सर्वांत कमी विश्वसनीय वाटतात. १७२९ साली श्टेटिनला, प्रशियाच्या सेवेतल्या एका सेनापतीच्या घरी, ती जन्मली. १७४४ मध्ये चौदा वर्षांची असताना आई तिला रशियाला घेऊन गेली. रशियन शिकण्यासाठी ती रात्री अनवाणी फेऱ्या घालीत असे, त्यातून जबर आजारी पडली, आणि आईने ल्यूथरपंथी धर्मगुरू बोलावू का विचारताच तिने ऑर्थोडॉक्स गुरू सिमोन तोदोर्स्की यांना बोलवा म्हणून सांगितले. त्याने सम्राज्ञी एलिझाबेथचे मन जिंकले, हे ती स्वतःच नमूद करते. प्रसंग सुंदर आहे. पण तो सांगणारी बाई तोवर नवऱ्याला पदच्युत करून सिंहासनावर बसलेली आहे, हे विसरता येत नाही. तापाने फणफणलेल्या पोरीच्या तोंडी तिने जे घातले आहे, त्याला सम्राज्ञीच्या मसुद्याचा वास येतो. तिने या आठवणी पुन्हापुन्हा नव्याने लिहिल्या. तरी एकही खर्डा राज्यक्रांतीच्या रात्रीपर्यंत पोचत नाही. जिथे सर्वाधिक सांगण्यासारखे होते, तिथे ती गप्प बसते.

एक गोष्ट मात्र ती सांगते, आणि ती गोष्ट वंशावळीच्या बुंध्यावर घाव घालते. १७५४ मध्ये जन्मलेला आपला मुलगा पॉल हा नवऱ्याचा नसून सेर्गेय साल्तिकोव्ह या दरबाऱ्याचा असावा, असे सूचित होईल अशा बेताने तिने हकीगत मांडली आहे. हे खरे की राजकारण, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पॉलचा स्वभाव आणि चेहरा पाहून पुष्कळांना तो पीटरचाच वाटतो. पण वाङ्मयाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. संबंध वंशवृक्ष एका स्त्रीच्या शब्दावर टांगलेला असतो, आणि तो शब्द ती फिरवू शकते, ही जाणीव या पानांमागे आहे. सूडाची याहून शांत रीत माझ्या वाचनात नाही. हर्झेनने लंडनहून हे हस्तलिखित छापले तेव्हा तिला जाऊन साठ वर्षे उलटली होती.

आणि हीच कॅथरीन सासू झाल्यावर काय करते? १७७३ मध्ये पॉलसाठी हेस-डार्मश्टाटच्या तीन बहिणी एकदम बोलावून घेतल्या जातात. निवडलेली मुलगी १७७६ मध्ये बाळंतपणात दगावते. त्याच वर्षी व्युर्टेम्बर्गची दुसरी मुलगी येते. १७९५ मध्ये नातू कॉन्स्तन्तिनसाठी कोबुर्गची आउगुस्टा आपल्या तीन मुली घेऊन पीटर्सबर्गला जाते, आणि चौदा वर्षांची युलियाने निवडली जाते. पाच-सहा वर्षांत ती नवऱ्याला सोडून निघून गेली ती परतली नाही. आपण ज्या दारातून अनवाणी आलो, त्याच दारात उभे राहून कॅथरीनने या मुली पारखून घेतल्या. तिच्या आठवणींत या मुलींना जागा मिळाली असती तर तो ग्रंथ थोर झाला असता.

त्या कोबुर्गच्या आउगुस्टाचे नाव लक्षात ठेवायचे कारण फार नंतरचे आहे. १९९१ मध्ये येकातेरिनबर्गजवळ एका खड्ड्यातून नऊ माणसांच्या अस्थी काढल्या गेल्या. १९१८ च्या जुलैत गोळ्या घातलेल्या झारच्या कुटुंबाच्या त्या असाव्यात अशी अटकळ होती. झारीना अलेक्सांद्रा ही माहेरची डार्मश्टाटची आलिक्स. तिची ओळख पटवायला गोथातल्या रेघा कुचकामी ठरल्या. कारण शास्त्रज्ञांना हवा होता तो आईकडून मुलीला आणि मुलीकडून तिच्या मुलांना जाणारा धागा. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप हे आलिक्सच्या बहिणीच्या मुलीचे चिरंजीव. त्यांच्या रक्ताशी झारीनाच्या आणि तीन मुलींच्या अस्थी जुळल्या, आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हा धागा मागे नेत गेले तर आलिक्सची आई अ‍ॅलिस, तिची आई व्हिक्टोरिया राणी, तिची आई कोबुर्गची व्हिक्टोरिया, आणि तिची आई पीटर्सबर्गला तीन मुली दाखवायला नेणारी तीच आउगुस्टा. पाच पिढ्यांची ही रांग गोथात एका पानावर कुठेच सापडणार नाही. ती पाचही घराण्यांत विखुरलेली आहे.

आता लीझलोटे. तिचे पाळण्यातले नाव एलिझाबेथ शार्लोटे. १६५२ चा जन्म, हायडेलबर्ग. सोफीची ही पुतणी. आईबापांचे पटत नव्हते म्हणून बालपणीची चार वर्षे या आत्यानेच तिला सांभाळले. १६७१ मध्ये तिचे लग्न चौदाव्या लुईच्या भावाशी, ओर्लेआँच्या फिलिपशी, झाले. वाटेत मेत्स येथे तिला कॅथलिक करून घेतले. नवऱ्याला स्त्रियांत रस नव्हता आणि तो ते लपवीतही नसे. त्यानंतरची पन्नास वर्षे ती फ्रान्समध्ये राहिली आणि लिहीत राहिली. तिने सुमारे साठ हजार पत्रे लिहिली असावीत असा अदमास आहे. उरली आहेत ती त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

या पत्रांवर दोन प्रकारचा अन्याय झालेला आहे. फ्रेंचांनी ती व्हर्सायच्या भानगडींची खाण म्हणून उपसली. जर्मनांनी तिला फ्रेंच नखऱ्यांत आपला बाणा न सोडणारी अस्सल देशी बाई करून टाकले. दोहोंना आधार आहे. चहा, कॉफी, चॉकलेट यांना ती नाके मुरडी आणि आंबवलेल्या कोबीसाठी नि सॉसेजसाठी झुरे. मादाम द मँतनोंला तिने जी शेलकी विशेषणे बहाल केली ती या अंकात छापता येणार नाहीत. टपाल फोडून वाचले जाते हे ठाऊक असल्याने ती मंत्र्याला उद्देशून चार शिव्या मधेच घालीत असे. पण हा सगळा वरचा रंग झाला. आठवणी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसते, आणि लीझलोटेच्या गद्याचा जिवंतपणा या न ठाऊक असण्यात आहे. ती वाक्य सजवीत नाही. शिकार, कुत्री, खोकला, मुलाचे चाळे, मेलेल्यांची मोजदाद, सगळे एका दमात येते. सोफीसारखी ती अपमानाला चौकट घालीत नाही. जखम उघडी ठेवून बोलते.

ती जखम १६८५ नंतरची. तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि पॅलेटिनेटचे राज्य नॉयबुर्गच्या कॅथलिक शाखेकडे गेले. लग्नाच्या करारात हक्क सोडलेले असूनही चौदाव्या लुईने तिच्या नावाने वारसा मागितला. १६८८ मध्ये युद्ध सुरू झाले, आणि १६८९ मध्ये फ्रेंच फौजांनी हायडेलबर्ग आणि मानहाइम जाळून उद्ध्वस्त केली. आपल्या माहेराच्या नाशाचे निमित्त आपण आहोत, हे नाव आपले आहे, या विचाराने तिला झोप लागत नसे. डोळा लागला की जळते हायडेलबर्ग दिसे आणि ती दचकून जागी होई, असे ती आत्याला कळवते. वंशावळीतल्या एका ओळीने काय होऊ शकते याचे इतके साक्षात वर्णन दुसरीकडे नाही.

पण इथेच टीकाकाराला अडचण येते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुळाच्या शुद्धतेविषयी लीझलोटेइतकी कट्टर व्यक्ती त्या दरबारात दुसरी नव्हती. १६९२ मध्ये तिच्या मुलाने राजाच्या अनौरस, पण मान्यता दिलेल्या, मुलीशी लग्न करायला होकार दिला, तेव्हा तिने सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. सँ-सिमोंने तो प्रसंग अमर करून ठेवला आहे. जिने या व्यवहाराचा एवढा ताप भोगला, तीच त्याची पहारेकरीण! स्त्रीमुक्तीचे गोडवे गाणारे अलीकडचे अभ्यासक हे प्रकरण हळूच बाजूला सारतात. ते बरोबर नाही. आपल्याजवळ दुसरे काहीच नाही, कूळ तेवढे आहे, असे ज्याला वाटते, तो ते घट्ट धरून बसतो. परक्या देशात, परक्या धर्मात, नको असलेल्या नवऱ्याजवळ राहणाऱ्या बाईने ते आणखी घट्ट धरावे, हे समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे, पण क्षम्य?

आणि आता या कहाणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट. तिच्या बापाने, कार्ल लुडविगने, पहिली बायको जिवंत असताना आणि तिने घटस्फोट नाकारलेला असताना, लुईझ फॉन डेगेनफेल्ड या दासीसरदारणीशी लग्न केले होते. जर्मनीत ज्याला ‘डाव्या हाताचा विवाह’ म्हणत, त्या जातीचे हे लग्न: बायको बायकोच, पण मुलांना गादीचा हक्क नाही. सालही तेच, १६५८, जेव्हा सोफीची अदलाबदल झाली. या जोडप्याला तेरा मुले झाली. त्यांना ‘राउग्राफ’ अशी वेगळी पदवी देऊन वंशवृक्षाबाहेर बसवण्यात आले. १६८५ मध्ये घराणे संपले असे जाहीर झाले, तेव्हा यांतले मुलगे हयात होते! एक तर तीन वर्षांनी ग्रीसमध्ये तुर्कांशी लढताना पडला. आईच्या कुळाची एक पायरी कमी पडली म्हणून ते वारस नव्हते. म्हणून घराणे ‘संपले’, आणि म्हणून लुईला निमित्त मिळाले. युद्धाची कारणे अनेक होती हे खरेच. लुईने दुसरे निमित्त शोधले असते, असेही म्हणता येईल. पण ज्या नियमासाठी लीझलोटेने पोटच्या पोराला थोबाडीत मारली, त्याच नियमाच्या आडून तिच्या हायडेलबर्गला आग लागली होती, हे कुठल्याच पत्रात तिच्या लेखणीतून उतरलेले मला आढळले नाही.

ते उतरले नाही. त्याऐवजी दुसरेच काही उतरले. या डाव्या हाताच्या बहिणींना, आमेलीला आणि लुईझला, तिने जी पत्रे लिहिली, तिच्या गद्याचा सर्वांत मोकळा सूर त्यांत लागतो. आत्याला लिहिताना थोडा अदबीचा ताण राहतो, चमकण्याची हौस राहते. या बहिणींशी ती बालपणीच्या हायडेलबर्गच्या गोष्टी बोलते, दुखण्यांची गाऱ्हाणी सांगते, थट्टा करते, रागावते, विसरते. सिद्धान्त म्हणून ज्यांचे स्थान तिने कधी मान्य केले नसते, त्यांना ती आठवड्यामागून आठवडे आपले घर मानून लिहीत राहिली. १७१४ मध्ये सोफी गेली, आमेली आधीच गेली होती. त्यानंतर लुईझच उरली. १७२२ च्या डिसेंबरात, मरणाच्या काही दिवसच आधी, लीझलोटेने पत्र लिहिले ते लुईझला.

लीझलोटेच्या मुलीचा मुलगा पुढे पवित्र रोमन सम्राट झाला आणि मारी आंत्वानेत त्याची मुलगी. मुलाच्या, म्हणजे त्या थोबाडीत खाल्लेल्या मुलाच्या, वंशात फ्रान्सचा अखेरचा राजा लुई फिलिप जन्मला. हे सारे गोथात तारखांसकट आहे. लुईझने लग्न केले नाही. १७३३ मध्ये ती वारली. बहिणीची पत्रे तिने जपून ठेवली होती, आणि एकोणिसाव्या शतकात ती श्टुटगार्टच्या वाङ्मयमंडळाने सहा खंडांत छापली.